दोन मिनिटांचा भोंगा: युद्ध, आठवणी आणि इस्रायलमधल्या बातम्या

पायवाट

नवऱ्याच्या संशोधनाच्या कामामुळे आम्ही २०२१ ते २०२४ अशी तीन वर्षं रेहोवोतला होतो. पुण्यात परतल्यावर सगळे एकच विचारतात, "तिकडे भीती नाही वाटली का?" मला जे सांगायचंय ते भीतीबद्दल नाहीच, म्हणून शेवटी इथे लिहायला बसले.

पहिल्याच वसंतात मी बसने तेल अवीवला निघाले होते. सकाळचे अकरा वाजले आणि भोंगा सुरू झाला. ड्रायव्हरने भर हायवेवर बस थांबवली, दार उघडलं, सगळे खाली उतरले. पुढे-मागे जिथवर नजर जाईल तिथवर गाड्या उभ्या आणि गाड्यांशेजारी माणसं. कुणी हात जोडलेले नाहीत, घोषणा नाहीत, नुसती उभी. दोन मिनिटांनी आवाज विरला, सगळे परत आत बसले आणि बस निघाली. तो योम हाझिकारोन होता, युद्धात आणि हल्ल्यांत गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. आठवडाभर आधी असाच भोंगा सकाळी दहाला ऐकला होता, शोआमध्ये, म्हणजे नाझींच्या हत्याकांडात, मारल्या गेलेल्या ज्यूंसाठी.

आणि स्मरणदिनाची संध्याकाळ झाली की लगेच स्वातंत्र्यदिन सुरू होतो! मध्ये एका रात्रीचीही उसंत नाही. दिवसभर रडणारी शेजारीण रात्री गच्चीवर मांस भाजत होती, आम्हालाही ताट दिलं. मला ते झेपलं नव्हतं.

माझा प्रश्न असा. तिसऱ्या वर्षापासून, बालवाडीत पांढरा सदरा घालून जे मूल हा भोंगा ऐकत मोठं होतं, त्याच्या मनाची घडण कशी होत असेल? आणि रोजच्या बातम्या त्या घडणीत काय भर घालतात? ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर मी तिथे जो टीव्ही पाहिला आणि आईने पुण्यात जो पाहिला, ते दोन वेगळ्या युद्धांबद्दल बोलत होते. तिथे राहिलेल्यांनी, अभ्यास असलेल्यांनी कृपया लिहा.

मधली_सुट्टी

चांगला विषय. रात्री सविस्तर लिहितो, तोवर वाचतोय.

खाडीपलीकडे

शालोम मंडळी. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आईवडील रेवदंड्याहून आले, माझा जन्म इकडचा, दिमोनाचा. आता लोदला राहतो. घरात मराठी बोललो म्हणून टिकली. लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या.

पायवाटताई, तुम्ही भोंग्याचं विचारलंत. मला पहिला आठवणारा भोंगा स्मरणाचा नव्हे, खराच होता. ६ ऑक्टोबर १९७३, किप्पूरचा उपास. मी नऊ वर्षांचा. त्या दिवशी इकडे रस्त्यावर गाडी फिरत नाही, रेडिओ बंद, टीव्ही बंद. आम्ही मशिदीत होतो (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात). दुपारी दोनच्या सुमारास भोंगा झाला. मग बाहेर गाडीचा आवाज आला, आणि किप्पूरला गाडीचा आवाज म्हणजे काहीतरी आक्रीत हे आम्हा पोरांनाही कळलं. एक तरुण कागद घेऊन आत आला आणि नावं वाचू लागला. ज्याचं नाव येई तो अंगावरची तालेत, प्रार्थनेची शाल, घडी करून बाकावर ठेवी आणि निघे. माझे वडीलही असेच गेले.

घरी आलो तर बंद असायचा तो रेडिओ सुरू झालेला. बातम्या, मध्येच कसलेसे सांकेतिक शब्द, कुठल्या तुकडीने कुठे जमायचं त्याचे. आईला हिब्रू धड येत नव्हतं. मी ऐकून तिला मराठीत सांगत होतो. नऊ वर्षांच्या पोराने आईला युद्ध समजावून सांगायचं!

वडील परत आले. इजिप्त आणि सीरियाशी झालेल्या त्या युद्धात आमचे २,६०० च्या वर सैनिक गेले. आमच्या आळीतली दोन घरं अंधारात गेली. तेव्हापासून मला शांत रेडिओची भीती वाटते, बोलणाऱ्याची नाही.

निशिगंध

खाडीपलीकडे, तालेतची घडी वाचून थांबले. असं अजून लिहा.

जुनाग्रामोफोन

पायवाट यांच्या प्रश्नातला शोआचा भाग घेतो. आज आपल्याला वाटतं की हा देश पहिल्या दिवसापासून त्या आठवणीवरच उभा आहे. तसं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत छळछावण्यांतून वाचून आलेल्यांना बोलायची जागाच नव्हती. नव्या देशाला शेत नांगरणारा, बंदूक चालवणारा ज्यू हवा होता. "तुम्ही मेंढरांसारखे कत्तलीला कसे गेलात?" असं त्यांना तोंडावर विचारलं जाई. साबण या अर्थाचा हिब्रू शब्द त्यांच्यासाठी शिवीसारखा वापरला जाई. शोआच्या स्मरणदिनाचं पूर्ण नावही पाहा, शोआ 'आणि शौर्य' यांचा दिवस. तारीखही वॉर्सा घेट्टोतल्या ज्यूंनी नाझींविरुद्ध केलेल्या उठावाशी जोडलेली. नुसतं मरण स्मरणात घ्यायला तो समाज तयार नव्हता, सोबत लढलेलं कुणीतरी लागत होतं.

हे बदललं १९६१ मध्ये, जेरुसलेमला आइकमनवर, ज्यूंना छळछावण्यांत धाडण्याची यंत्रणा चालवणाऱ्या नाझी अधिकाऱ्यावर, खटला चालला तेव्हा. देशात अजून टीव्ही आला नव्हता. लोकांनी खटला रेडिओवर ऐकला. घरात, दुकानात, बसमध्ये. सरकारी वकील गिडिऑन हाउसनेर यांनी एकामागून एक शंभराच्या आसपास साक्षीदार उभे केले. साक्ष देता देता एक लेखक शुद्ध हरपून कोसळला. शेजारच्या जिन्यात वर्षानुवर्षं दिसणारी, हातावर निळा आकडा असलेली बाई काय भोगून आली आहे हे लोकांना तेव्हा कळलं. रेडिओने एका समाजाची आठवण घडवली, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

पुढे हीच आठवण प्रत्येक युद्धात हाताशी आली. पंतप्रधान बेगिन यांनी १९८२ साली बैरुतला वेढलेल्या पॅलेस्टिनी नेते अराफत यांची तुलना बंकरमधल्या हिटलरशी केली. त्यावर शोआतून वाचलेल्या इस्रायली लोकांनीच आक्षेप घेतला होता, हेही नोंदवतो.

तिखटमीठ

सगळं वाचलं. दुःखाबद्दल आदर आहे. पण धाग्यात अकरा वाजताचा भोंगा आला, किप्पूर आलं, आइकमन आला, गाझा कुठे आहे?

७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली. भयंकरच. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझात ६०,००० हून जास्त माणसं मेली, हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा, आणि त्यात हजारो मुलं. परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही. मे २०२४ मध्ये अल जझीराचं इस्रायलमधलं काम बंद पाडलं. 'हाआरेत्झ' वेगळं छापतं म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने त्या वृत्तपत्राशी व्यवहार तोडायचा, जाहिराती थांबवायच्या असा निर्णय घेतला. आपल्या मेलेल्यांची नावं पाठ आणि पलीकडच्यांचा चेहराही नको, अशा समाजाबद्दल बोलताना हळवं होऊन चालणार नाही.

पायवाट

तिखटमीठ, धाग्याचा दुसरा प्रश्न तोच आहे. पाहिलेलं सांगते.

७ ऑक्टोबरनंतर कित्येक महिने शेजारणीकडे टीव्ही अखंड सुरू असायचा. ओलिसांचे आईबाप, अंत्यसंस्कार, नोव्हाच्या संगीत उत्सवातून जीव वाचवून पळालेली मुलं, राखीव सैनिकांच्या बायका. एकेका माणसावर अर्धा तास. शाळेत काय आवडायचं, कुत्र्याचं नाव काय, शेवटचा मेसेज काय होता. गाझा दिसायचं ते वरून. करडं, धुराचं, माणसाविना. निवेदक आकडेही फारसे सांगत नसत, सांगितले तर 'हमासच्या म्हणण्यानुसार' असं आधी लावून. हे कुणी दडपत होतं म्हणून नव्हे. वाहिन्यांना ठाऊक होतं की प्रेक्षकांना ते नकोय. मला ते दडपण्यापेक्षाही जड वाटलं.

आणि रस्त्यावर स्टिकर. बसथांब्यावर, रेल्वे स्टेशनच्या खांबांवर, चहाच्या टपरीसारख्या त्यांच्या कॉफीच्या खोक्यांवर, गेलेल्या सैनिकांचे हसरे फोटो आणि खाली त्यांचं एखादं आवडतं वाक्य. वीस वर्षं, एकवीस वर्षं. मी लेकीला बालवाडीत सोडायला जाताना रोज त्याच सात-आठ चेहऱ्यांपुढून जायचे. पुढे पुढे मला त्यांची नावं येऊ लागली. मी परकी, मला येऊ लागली. तिथे जन्मलेल्यांचं काय होत असेल?

गवतफुल

मी वसईची, होलोनला एका आजीची काळजी घेते. इथे मेटापेलेत म्हणतात. सात वर्षं झाली. त्यांचं नाव नाही सांगत, मी त्यांना सावता म्हणते, म्हणजे आजीच. नव्वदीच्या आहेत.

आमच्याकडे टीव्ही नाही चालत, रेडिओ. दर तासाला ठोक्याला बातम्या. तासाचे टों टों झाले की मी नळ बंद करायचा, मिक्सर बंद करायचा. बातम्यांत दोन शब्द आहेत ते हिब्रू शिकायच्या आधी मी शिकले. 'हुतर लेफिर्सुम'. म्हणजे प्रसिद्ध करायला परवानगी मिळाली. हे शब्द आले की पुढे गेलेल्या सैनिकाचं नाव येतं. घरच्यांना आधी कळवतात, मग सेन्सॉर सोडतं, मग रेडिओ सांगतो. सावता तो शब्द ऐकला की हातातलं खाली ठेवतात. चमचा असो, गोळी असो. नाव, वय, गाव ऐकतात, गाव पुटपुटतात, मग परत उचलतात.

त्यांचा मुलगा लेबनॉनच्या युद्धात गेला, १९८२ ला. तेव्हा अधिकारी दारावर आले होते, टकटक केली होती. म्हणून आमच्या दारावर कुणी टकटक करायची नाही. बेल वाजवायची. भाजीवाला, नर्सबाई, पोस्टमन सगळ्यांना मी सांगून ठेवलंय. नवीन मुलगा आला सामान घेऊन आणि त्याने दार ठोकलं तर सावता अर्धा दिवस बोलत नाहीत.

निशिगंध

काही सुचत नाहीये लिहायला. सावतांना नमस्कार सांग, गवतफुल.

मधली_सुट्टी

गवतफुलच्या 'हुतर लेफिर्सुम'वरून. मी पंचवीस वर्षं मुंबईत बातमीदारी केली, म्हणून हा भाग जिव्हाळ्याचा.

इस्रायलमध्ये लष्करी सेन्सॉर राज्यस्थापनेपासून आजतागायत आहे. सुरक्षेशी संबंधित बातमी आधी त्यांच्याकडे द्यावी लागते. त्यातून पळवाटाही निघाल्या. स्वतःच्या देशाच्या अण्वस्त्रांबद्दल लिहायचं तर तिथला पत्रकार 'परदेशी सूत्रांनुसार' म्हणतो. वाचणाऱ्याला कळतं, लिहिणाऱ्याला कळतं, सेन्सॉरलाही कळतं.

पण दर वेळी ते इतकं सोपं नसतं. एप्रिल १९८४ मध्ये चार पॅलेस्टिनी तरुणांनी ३०० क्रमांकाची बस पळवली. सैन्याने बस सोडवली आणि चौघेही चकमकीत मेले असं जाहीर झालं. 'हदाशोत' नावाच्या दैनिकाचे छायाचित्रकार अलेक्स लेवाक यांच्याकडे एक फोटो होता, त्यातला अपहरणकर्ता जिवंत होता, दोन माणसं त्याला धरून चालवत नेत होती. पेपरने सेन्सॉरला न विचारता चौकशी समिती नेमल्याची बातमी दिली आणि सरकारने पेपर चार दिवस बंद ठेवला. पुढे निष्पन्न झालं की दोघांना पकडल्यावर मारलं होतं, शिन बेत या अंतर्गत सुरक्षा संस्थेच्या प्रमुखाच्या हुकमावरून. प्रमुखाला आणि इतरांना राष्ट्राध्यक्षांनी १९८६ मध्ये खटला उभा राहण्याआधीच माफी दिली. म्हणजे सेन्सॉरही तिथलाच, त्याला धडक देणारा पेपरही तिथलाच, आणि शेवटी सुटले ते मारणारेच. तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच तो देश कळतो.

आपल्याकडे पाहून बोलायचं तर २६/११ ला नरिमन हाउसच्या छतावर कमांडो उतरताना आपण घरबसल्या पाहिले. तसंच पलीकडे कराचीत बसलेल्यांनीही पाहिले. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून खडसावलं. त्या रात्री मी पुरता जागा होतो. सेन्सॉर मला नको आहे, पण त्या रात्री वाहिन्यांनी काही वेळ कॅमेरा खाली ठेवायला हवा होता असं आजही वाटतं.

सातभाई

अवांतर: नरिमन हाउसमधून दोन वर्षांच्या मोशेला छातीशी धरून बाहेर काढणाऱ्या सँड्रा सॅम्युअल पुढे त्याच्यासोबत इस्रायललाच गेल्या. २०१० मध्ये त्यांना तिथलं मानद नागरिकत्व मिळालं. मोशे २०१८ साली मुंबईत आला होता तेव्हा मी कुलाब्यात गल्लीच्या तोंडाशी गर्दीत उभा होतो.

आडवाट

मी आखाती देशात काम करते, माझ्या ऑफिसात गालिलीहून आलेली एक पॅलेस्टिनी सहकारी आहे. इस्रायली नागरिक. तिथल्या दर पाच नागरिकांत एक अरब आहे, हे या चर्चेत अजून कुणी म्हटलं नाही. तिला मी भोंग्याबद्दल विचारलं. ती म्हणाली की शाळेत असताना भोंगा झाला की ती शहरातल्या रस्त्यावर गोठून जायची, उभं राहावं की चालत राहावं हे कळायचं नाही. उभं राहिलं तर आजोबांशी प्रतारणा, चाललं तर आजूबाजूच्या नजरा. ती बहुतेक वेळा बुटाची नाडी बांधायला खाली वाकायची.

१९४८ मध्ये सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. ते त्याला नकबा म्हणतात, अरिष्ट. २०११ च्या कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने स्वातंत्र्यदिन हा शोकाचा दिवस म्हणून पाळला तर तिचं अनुदान कापता येतं. एका आठवणीला भोंगा आणि दुसरीला दंड.

कफ्र कासिम या इस्रायलमधल्या अरब गावाचंही सांगते. २९ ऑक्टोबर १९५६, सुएझचं युद्ध सुरू झालं तो दिवस. गावातल्या संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणली. शेतावर, कामावर गेलेल्यांना ती माहीतच नव्हती. संध्याकाळी घरी परतणाऱ्यांना सीमा पोलिसांनी गोळ्या घातल्या. जवळपास पन्नास माणसं, बायका, मुलं. सेन्सॉरने बातमी कित्येक आठवडे रोखून धरली. काही खासदार आणि पत्रकार मागे लागले म्हणून ती बाहेर आली. न्यायालयाने मग म्हटलं की उघड उघड बेकायदा हुकमावर काळा झेंडा फडकत असतो आणि असा हुकूम पाळायचा नसतो. आजही सैनिकांना हे शिकवतात. पण शिक्षा झालेले सगळे काही वर्षांतच सुटले.

तिखटमीठ

आडवाट, धन्यवाद. मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या सहकारीने बुटाच्या नाडीतून सांगितलं.

खाडीपलीकडे

तिखटमीठ, बाळ, तुझा राग मला कळतो. माझा नातू राखीव दलातून दोनदा गाझात जाऊन आला. तो काय पाहून आला ते त्याने आम्हाला सांगितलेलं नाही. आधी जेवताना बडबड करायचा. आता ताटावर बसून फोन बघतो. त्याला तू चेहरा नसलेला समाज म्हणू नकोस एवढंच माझं मागणं.

पण तू म्हणतोस ते खोटं नाही. लोदमध्ये ज्यू आणि अरब एकाच जिन्यात राहतात. आमच्या गल्लीत कोपऱ्यावर अरबाचं दुकान आहे, दूध, ब्रेड तिथूनच आणतो. त्याच्या गल्ल्यामागे टीव्ही अरबीत सुरू असतो. ढिगाऱ्यातून मुलं काढतायत, आया ओरडतायत, चोवीस तास तेच. मी पिशवी घेऊन तीस पावलं चालतो, घरी बायकोने हिब्रू चॅनेल लावलेलं असतं, तिथे ओलिसाची आई बोलत असते. तीस पावलांत युद्ध बदलतं. दुकानदार आणि मी तीस वर्षं एकमेकांच्या पोरांच्या लग्नांना गेलोय. मे २०२१ मध्ये आमच्या गावात जाळपोळ झाली, सिनेगॉग पेटले, दोन्हीकडची माणसं मेली, तेव्हाही आम्ही बोललो. या युद्धात आम्ही ब्रेडचा भाव सोडून काही बोललो नाही. मी आत शिरलो की तो आवाज कमी करतो. तो माझा मान ठेवतो की माझ्यापासून लपवतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

आणखी एक. आठवणीचं आमचंही आहे. आम्ही कोकणातून आलो, शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे, नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबताची गोष्ट सांगणारे. इकडे रब्बींनी, धर्मगुरूंनी, आमचं लग्नाला पात्र असणं तपासायचं ठरवलं, आमच्या आजीपणजीची चौकशी. आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इकडच्या संसदेने, ठराव करून सांगितलं की बेने इस्रायल पूर्ण ज्यू आहेत. माझे वडील ती बातमी रेडिओवर ऐकून रडले होते, असं आई सांगे. नऊ वर्षांनी त्याच वडिलांचं नाव मशिदीत वाचलं गेलं. शाळेच्या पुस्तकात १९७३ आहे. १९६४ मी शाळेत कुठे वाचलेलं नाही.

पायवाट

खाडीपलीकडे, ते "तीस पावलं" मी लेकीला मोठी झाल्यावर वाचून दाखवणार आहे.

जुनाग्रामोफोन

थोडी दुसरी बाजू. आठवण तिथे लोकांना फक्त रांगेत उभं करत नाही, सरकारपुढेही उभं करते. १९७३ नंतर मोटी अश्केनाझी नावाचा एक राखीव अधिकारी, सुएझच्या काठावरचं न पडलेलं एकमेव ठाणं सांभाळून आलेला, पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर एकटा फलक घेऊन बसला. थोड्या दिवसांत हजारो जमले. युद्धाची चौकशी करणाऱ्या अग्रानात आयोगाने सेनापतींवर ठपका ठेवला, मंत्र्यांना सोडलं, तरी लोक हटले नाहीत आणि एप्रिल १९७४ मध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी राजीनामा दिला. १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा-शातिला या पॅलेस्टिनी छावण्यांतल्या कत्तलीनंतर तेल अवीवच्या चौकात प्रचंड गर्दी लोटली, कहान चौकशी आयोग नेमावा लागला आणि शेरॉन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. ४ फेब्रुवारी १९९७ ला सैनिकांना लेबनॉनला नेणारी दोन हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून ७३ जण गेले, त्यानंतर उत्तरेतल्या चार आयांनी सुरू केलेली चळवळ मे २००० मध्ये सैन्य माघारी येईपर्यंत थांबली नाही.

त्या देशात मुलगा गमावलेल्या आईबापांना कुणी सहज गप्प करू शकत नसे. पण ओलिसांच्या नातेवाइकांना या खेपेस क्नेसेटमध्ये आणि रस्त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यावरून तेही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मला ही सर्वांत मोठी पडझड वाटते.

सातभाई

पुन्हा अवांतर, पण पोरांबद्दलच. गाझाजवळच्या स्देरोतमध्ये रॉकेटचा इशारा झाला की लपायला १५ सेकंद मिळतात. तो इशारा आधी 'शाहार अदोम' असा होता, लाल पहाट. शाहार नावाची एक सात वर्षांची मुलगी होती, तिचं नाव पुकारलं की सगळे पळत सुटायचे. तिने तक्रार केली आणि इशारा बदलून 'त्सेवा अदोम', लाल रंग, असा झाला. मला यात सरकारने मुलीचं ऐकलं याचं बरं वाटतं, आणि सात वर्षांच्या मुलीला अशी तक्रार करावी लागली याचं वाईटही वाटतं.

खाडीपलीकडे

सातभाई, १९९१ ला आखाती युद्धात सद्दामची स्कड क्षेपणास्त्रं यायची तेव्हा खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, गॅसचे मुखवटे घालून एका खोलीत बसायचो. धार्मिक लोकांसाठी शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मुका रेडिओ असे. स्टेशन लावून ठेवायचं, काही वाजायचं नाही, फक्त हल्ला झाला तरच बोलायचं. 'नाखाश त्सेफा' हा इशाऱ्याचा शब्द, म्हणजे विषारी साप. वर लिहिलं होतं ना, शांत रेडिओची भीती वाटते म्हणून? ती तिथे पक्की झाली.

आडवाट

एक राहिलं. २००६ पासून स्मरणदिनाच्या रात्री एक वेगळा कार्यक्रम होतो, मुलं गमावलेले इस्रायली आणि पॅलेस्टिनी एकाच मंचावर बसतात. पॅलेस्टिनींना वेस्ट बँकेतून यायला सरकारने अनेकदा परवानगी नाकारली, दारात शिव्या देणारेही जमतात. तरी होतो. २०२५ च्या वसंतापासून तेल अवीवमध्ये काही लोक गाझात मेलेल्या मुलांचे फोटो आणि मेणबत्ती धरून मुकाट उभे राहू लागले. संख्येने थोडे आहेत. पण टीव्हीने न दाखवलेले चेहरे त्यांनी कागदावर छापून रस्त्यावर आणले.

पायवाट

माझ्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते. मला आता वाटतंय की मी प्रश्न थोडा चुकीचा विचारला. भोंगा माणसाला कठोर करतो का, असं माझ्या मनात होतं. भोंगा तर माणसाला थांबवतो. दोन मिनिटं थांबून तुम्ही ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणता, तो चेहरा तुम्हाला कुणी दाखवलेला असतो, प्रश्न तिथे आहे.

गवतफुल, एक विचारू का? सावता गाझाचं काही पाहतात का? विचारणं बरोबर नसेल तर सोडून दे.

गवतफुल

ताई, विचारा की. उशीर झाला, सावता चार दिवस दवाखान्यात होत्या. आता घरी आहेत, बऱ्या आहेत.

आधी दुसरं सांगते. स्मरणदिनाला आम्ही लष्करी दफनभूमीत जातो. तिथे सगळे दगड सारखे, उशीसारखे लहान. नाव, आईबापाचं नाव, कुठे गेला, वय. पूर्वी स्वतःचे शब्द घालता येत नव्हते, काही घरचे कोर्टात गेले आणि नव्वदच्या दशकात परवानगी मिळाली. नवीन दगडांवर ओळी असतात. सावतांनी मुलाच्या दगडावर काही घातलं नाही. एक खडा ठेवतात, मी पण एक ठेवते.

गाझाचं. रेडिओत फार नसतं. मागच्या उन्हाळ्यात रात्री मी माझ्या फोनवर बघत होते, त्यांना झोप लागली असं वाटलं. एक बाई होती, पांढऱ्या कापडातलं लेकरू मांडीवर घेऊन बोलत होती. आवाज बारीक ठेवला होता तरी सावता उठून बसल्या. मला म्हणाल्या, आवाज मोठा कर. मी घाबरले, बंद करायला गेले. त्या परत म्हणाल्या, मोठा कर.

मला अरबी येत नाही. पण सावता बगदादच्या आहेत ना. १९५१ ला विमानाने आणलं, तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्यांची आईची भाषा अरबीच. मी विचारलं, काय म्हणतेय ती? त्या म्हणाल्या, विचारतेय की तू जेवला नव्हतास, उपाशी कसा गेलास.

मग फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. सकाळी आठाच्या बातम्या लागल्या. मी नळ बंद केला, तर म्हणाल्या, राहू दे, चालू दे पाणी.